मामा, सत्कारात तुमचं नाव राहून गेलं

ती. मामांना,
सा. न.

तुम्हाला वाचता येत नाही, या सबबीवर मी चाळीस वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आता हे पत्र तुमच्या नातवाच्या मोबाइलवर पाठवते आहे. त्याला बजावलंय, डाव्या कानाशी बसून मोठ्यानं वाच, उजव्यात कृष्णा साठलीय. बाकीच्यांनीही वाचावं म्हणून उघडच लिहिते. चूक चारचौघांत झाली होती, ती घरात बसून कशी फेडायची?

१९८६ चा तो सत्कार. धरमतरच्या खाडीतून समुद्रानं मुंबईच्या गेटवेपर्यंत पोहून आलेली सांगलीची मुलगी म्हणून मला स्टेजवर बसवलं होतं. शाल, नारळ, फेटा. मी भाषणात आई-वडिलांचे आभार मानले, मुंबईच्या प्रशिक्षकांचे मानले, कॉलेजचे मानले, ज्यांनी रेल्वेचं तिकीट काढून दिलं त्यांचेही मानले. तुम्ही मागच्या दाराशी उभे होता, वहाणा हातात घेऊन. मला दिसलात. आणि तरीही तुमचं नाव तोंडातून आलं नाही. विसरले असं म्हणायची सोय नाही. घाटावरच्या नावाड्यानं शिकवलं असं सांगायची तेव्हा लाज वाटली, हे खरं कारण. कार्यक्रम संपल्यावर तुम्ही जवळ येऊन एवढंच विचारलंत, "पोरी, खांदं दुखत्यात का अजून?"

तर आता पहिल्यापासून सांगते.

१९७१ चा उन्हाळा, मी नऊ वर्षांची. सरकारी घाटावर पोरं कमरेला वाळका भोपळा बांधून पाण्यात पडायची आणि मी पायरीवर बसून भावाचे कपडे सांभाळायची. मुलींनी नदीत पोहायचं नाही असा नियम कुणी केलेला नव्हता, पण पोहतही कुणी नव्हतं. तुम्ही नाव बांधता बांधता विचारलंत, "तुला ग? तुला न्हाई शिकायचं?" संध्याकाळी घरी येऊन माझ्या वडिलांशी, दादांशी बोललात. दादांनी त्या आधी कुठंतरी आरती साहाबद्दल वाचलं होतं. १९५९ साली इंग्लिश खाडी पोहून गेलेली ती पहिली आशियाई बाई, आणि लहानपणी काकाबरोबर घाटावर अंघोळीला जाता जाता पोहायला शिकलेली. ते तुम्हाला म्हणाले, "तिच्या काकाचं काम तुम्ही करणार असाल तर न्या."

पण तुम्ही आठ दिवस मला पाण्यात उतरूच दिलं नाही! रोज सकाळी कडुलिंबाचा एक डहाळा हातात द्यायचात. "एक पान टाक. कुठं लागंल सांग." मी म्हणायची, सरळ खाली जाईल, हरिपूरला. पान मात्र घाटाच्या कोपऱ्याला जाऊन थांबायचं, गिरकी घ्यायचं आणि चक्क उलटं, पुलाच्या दिशेनं सरकायला लागायचं. काठाला धार उलटी फिरते, हे मला पानानं दाखवलं. दुसरं पान चार हात पुढं टाकलं की ते सुसाट निघायचं. आयर्विन पुलाच्या खांबामागं टाकलेलं पान तिथंच घुटमळत राहायचं. आठव्या दिवशी मी दहातली सात पानं बरोबर सांगितली, तेव्हा कुठं परकर खोचायला सांगून तुम्ही माझ्या कमरेला भोपळा बांधलात. सुंभाची ती गाठ पोटाला काचायची, अजून आठवते.

पुढं दर पंधरवड्याला भोपळा लहान होत गेला. फी म्हणून दादांनी पैसे पुढं केले तर तुम्ही हात मागं घेतलात. दिवाळीला आईनं पाठवलेले चकली-कडबोळ्यांचे डबे तेवढे घेतलेत, आणि डबा कधी रिकामा परत पाठवला नाहीत. त्यातल्या हरभऱ्याचा वास त्या पितळी डब्याला कायमचा लागला.

सांगलवाडीच्या काठाला पहिल्यांदा जाऊन आले, त्या दिवशी तुम्ही नाव घेऊन बाजूनं येत होता. मी सरळ समोरच्या झाडाकडं बघून हात मारत होते आणि झाड उजवीकडं पळत होतं. "नदीला आडवी जाऊ नगंस. तिरकी जा. तिला तिचं जाऊ दे, तू तुझं जा." हे वाक्य मी नंतर कित्येक मुलांना शिकवलं आणि दरवेळी माझंच असल्यासारखं सांगितलं. त्याचीही माफी.

कॉलेजात तलाव मिळाला, क्लोरिनचं निळं पाणी, काळी पट्टी. तिथं मी जोरात पोहायला शिकले. १९८१ साली मुंबईत संक रॉक या बंदरातल्या दीपस्तंभापासून गेटवेपर्यंतचे पाच किलोमीटर पोहले आणि समुद्र खारट असतो हे भूगोलाच्या पुस्तकाबाहेर समजलं. मग धरमतरचं खूळ डोक्यात शिरलं. छत्तीस किलोमीटर.

१९८४ चा पहिला प्रयत्न फसला, हे आता फारसं कुणाला आठवत नाही. रेवस आणि करंजाच्या मधून खाडीबाहेर पडले आणि थंडीनं बोटं वाकडी झाली. एक हात मारला की दुसरा कुठला ते समजेना. अशा पोहण्यात सोबतच्या होडीला हात लागला की संपलं, प्रयत्न बाद. मी हात लावला. सांगलीला परत आले तेव्हा शेजारीपाजारी चुकचुकत होते, आणि मी घाटावर तोंड लपवून बसले होते. तुम्ही विडी विझवून शेजारी बसलात. "नावंला हात लावलास?" मी मान हलवली. "ब्येस केलंस. म्या नाव कशाला घिऊन हिंडतो मग?" जरा वेळानं म्हणालात, "समिंदर कुठं पळून चाललाय व्हय?"

मामा, मला पोहायला पुढं बऱ्याच जणांनी शिकवलं. बाहेर यायला तुम्ही एकट्यानं शिकवलंत.

दोन वर्षांनी पुन्हा गेले. धरमतरच्या जेट्टीवरून ओहोटीबरोबर रात्री दोनला निघाले. होडीवाले उरणकडचे कोळी होते. तिथी पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, हे त्यांनी मला आदल्या संध्याकाळी बोटांवर करून दाखवलं होतं. ओहोटीनं खाडीबाहेर काढलं, सकाळच्या भरतीनं वर ढकललं, सगळं हिशेबाबरहुकूम. फक्त मी हिशेबापेक्षा तासभर हळू होते. ताजचा घुमट समोर दिसायला लागला आणि भरती संपली. अर्धा तास हात मारतेय, घुमट आहे तेवढाच.

होडीतल्या कुणीतरी केळं खाऊन साल पाण्यात टाकली. मी श्वासासाठी मान वळवली की ती साल दिसायची. दोन श्वासांत ती माझ्या पायांशी गेली, मग मागं, कुलाब्याच्या टोकाच्या दिशेनं. आणि मला एकदम सरकारी घाटाची पायरी आठवली. मी होडीकडं बघून उजवीकडं बोट केलं, गेटवेच्या उत्तरेला, बॅलार्ड पिअरच्या अंगाला. होडीचा तांडेल, म्हणजे म्होरक्या, हसला, तो तेच ओरडून सांगत होता, मला टोपीमुळं ऐकू येत नव्हतं. तिरकी गेले. गेटवेच्या पायऱ्यांना हात लागला तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. शेवाळ होतं, पाय घसरला, गुडघा फुटला. पेपरातल्या फोटोत मी लंगडताना दिसते ती त्यामुळं.

नंतरचं काय सांगू? वॉटर पोलो खेळले, कयाक वल्हवली, बावन्नाव्या वर्षी तारकर्लीला पाठीवर सिलिंडर बांधून तळाशी जाऊन आले. तुम्ही ऐकून म्हणालात, "माणसानं पाण्यावर ऱ्हावं, पाण्याखाली मासं हायत की." साठी उलटल्यावर मालवणला चिवला बीचवर पोहले, आज्यांच्या गटात. पदकं आहेत, कपाटात आहेत.

पण हे पत्र लिहायला लावलं ते २०१९ च्या ऑगस्टनं. आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं. आई वरच्या मजल्यावर अडकलेली, मी पुण्यात, रस्ते बंद. मी, जिनं समुद्र पोहला म्हणून फेटा बांधून घेतला होता, ती फोन हातात धरून रडत होते. तुमचा नातू नाव घेऊन गेला. आईनं नंतर सांगितलं, तुम्ही शेजारच्या गच्चीत खुर्ची टाकून बसला होता आणि पोरांना हातवारे करत होता. गल्लीच्या तोंडाला पाणी ओढतंय, तिकडून नको, मागल्या बोळातून वाड्याच्या भिंतीला धरून या. मधेच हातातलं काहीतरी पाण्यात टाकून बघत होता, म्हणाली. काय टाकत होता, ते तिला गच्चीवरून दिसलं नाही. मला विचारायची गरज वाटली नाही.

आई पुढं दोन वर्षं जगली. आपल्या पलंगावर, आपल्या माणसांत गेली.

१९८६ च्या सत्काराचं कात्रण या पत्राबरोबर नातवाला पाठवलंय. "मार्गदर्शक" या शब्दापुढं छापलेल्या नावांच्या आधी मी निळ्या शाईनं तुमचं नाव लिहिलं आहे. त्याला ते बोटानं दाखवायला सांगा.

पाणी उतरलं की येते. डबा तुमचाच माझ्याकडं राहिलाय या खेपेला, भरून आणते.

तुमची,
भावाचे कपडे सांभाळणारी