शेवटचा आवाज कशातून आला, हे विचारणाऱ्या दादांना

दादा,

बाबांच्या कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून आवाज येईनासा झाला म्हणून तुम्हाला बोलावलं होतं. सीपीयूला हात लावण्याआधी तुम्ही त्यांच्या खुर्चीशेजारी टेकलात आणि विचारलंत, "काका, शेवटचा आवाज कशातून ऐकला होतात?" बाबा म्हणाले, "हेडफोनमधून. नातीचा क्लास होता. संपल्यावर तिने वायर ओढून काढली." निम्मं काम तिथेच झालं.

तुमच्या आधी दोघं येऊन गेले होते. एकाने विंडोज फॉरमॅट मारली, दुसऱ्याने उभ्या उभ्या मदरबोर्ड बदलायला सांगितला. दोघांनीही विचारलं ते एवढंच, "तुम्ही काय दाबलंत?" असं विचारल्यावर म्हातारं माणूस गप्पच बसतं. नातीला बोल लागेल म्हणून बाबांनी वायरीचं नावच काढलं नव्हतं. तुम्हाला सांगितलं, कारण तुमच्या विचारण्यात आरोप नव्हता. ऐकून तुम्ही एवढंच म्हणालात, "होतं हो पोरांकडून."

मग स्पीकरची पिन तुमच्या मोबाइलला लावलीत. वाजले, म्हणजे स्पीकर ठणठणीत. पुढे साउंडच्या सेटिंगमध्ये आउटपुट पाहिलंत, कारण एचडीएमआय केबलने मॉनिटर जोडला की विंडोज कधी कधी आवाज तिकडे वळवते, आणि मॉनिटरला स्पीकर नसले की सगळं चिडीचूप. इथे तसं नव्हतं. रिअलटेकच, म्हणजे कॉम्प्युटरची स्वतःची ऑडिओ चिपच, निवडलेली होती आणि शेजारच्या आवाजाची पातळी दाखवणाऱ्या हिरव्या रेघा नाचत होत्या. आवाज तयार होत होता, पण स्पीकर लावतात त्या मागच्या हिरव्या सॉकेटपर्यंत पोचत नव्हता.

दोष समोरच्या हेडफोनच्या सॉकेटमध्ये निघाला. पिन आत गेली की तिथली बारीक पत्ती सरकते, त्यावरून ऑडिओच्या चिपला हेडफोन लागल्याचं कळतं आणि मागचे स्पीकर बंद होतात. वायर तिरकी ओढली गेल्यामुळे ती पत्ती वाकून तशीच अडकली. हेडफोन काढलेला, पण कॉम्प्युटरच्या लेखी लावलेलाच. शंभर वेळा फॉरमॅट मारली असती तरी पत्ती काही सरळ होणार नव्हती.

तुम्ही वीज बंद करून समोरच्या पॅनलचा ऑडिओ कनेक्टर मदरबोर्डवरून काढलात. खाली नऊ पिना, दोन ओळींत, एक जागा मोकळी. परत चालू केल्यावर स्पीकर खणखणीत वाजले. रिअलटेकच्या कन्सोल नावाच्या प्रोग्रॅममधून समोरच्या सॉकेटचं डिटेक्शन, म्हणजे पिन लागली का हे ओळखणं, बंद करता येतं, पण ड्रायव्हर अपडेट झाला की ते सेटिंग पुसलं जाऊ शकतं, म्हणून कनेक्टर काढलेलाच बरा, हेही तुम्ही बाबांना समजेल असं सांगितलंत. माझ्याकडे बघून नाही, त्यांच्याकडे बघून.

कामं येणारी माणसं पुष्कळ आहेत, दादा. कॉम्प्युटर ज्याचा आहे त्याला माणसासारखं विचारणारी फार थोडी. मनापासून आभार.

सुटा कनेक्टर तुम्ही बांधून ठेवलात तसाच आहे. समोरचं पॅनल मिळालं की या. नातीला बाबांनी अजून काही सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.