अण्णा, मी त्या कागदावर सही केली नाही

चाकण,
१० सप्टेंबर २०२३

ती. आई आणि अण्णा यांस,
सा. नमस्कार.

लिहायचा हात धडधाकट आहे, हे आधीच सांगते. फोनवर बोलायला गेले की आई रडते आणि अण्णा फोन बाळूकडं देतात, म्हणून पत्र लिहितेय. जूनमध्ये मी एक बोट म्हणाले होते. एक नाही, दोन गेलीत. डाव्या हाताचं अंगठ्याजवळचं आणि त्याच्या शेजारचं. आई, खोटं बोलले, चुकलं माझं. पण तेव्हा तुझी शुगर तीनशेच्या वर होती गं.

कसं झालं ते एकदाच लिहिते, परत विचारू नका. पत्रा दाबायच्या प्रेस मशीनला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच वरचा पंच खाली येतो, म्हणजे हात आत राहायलाच नकोत. आमच्या मशीनचं डावं बटण चिकटपट्टी लावून कायमचं दाबून ठेवलेलं होतं, पीस जास्त निघावेत म्हणून. डाव्या हातानं पत्रा सरकवायचा, उजव्यानं बटण मारायचं. त्या दिवशी पत्रा तिरका बसला. मी तो सरळ करत होते आणि उजवा हात सवयीनं बटणावर गेला. अण्णा, यात माझा वेंधळेपणा नव्हता. तुम्ही तरी तसं म्हणू नका.

तुम्ही म्हणालात, ठेकेदार साठ हजार देतोय तर घे आणि गावाकडं ये. मी घेतले नाहीत. त्याच्या कागदावर लिहिलं होतं की बोटं खोलीच्या दारात चेंगरली. त्यावर सही केली की कामावरची दुखापतच उरत नाही, आणि ईएसआयचे, म्हणजे सरकारी कामगार विम्याचे, कामावरच्या दुखापतीचे पैसेही मिळत नाहीत. दर महिन्याला पगारातून कापलेल्या ११३ रुपयांबद्दल आई नेहमी विचारायची ना, ते यासाठीच होते. जखम भरेपर्यंत रोजाच्या ९० टक्के भत्ता मिळाला. आता हात किती टक्के निकामी झाला ते डॉक्टरांचं मेडिकल बोर्ड ठरवणार. एका हाताची दोन बोटं म्हणजे कायद्याच्या तक्त्यात २० टक्के. माझ्या पाचशेच्या रोजावर ते दिवसाला ९० रुपये होतात, आणि ते जन्मभर मिळतात. अण्णा, तुम्हीच हिशेब करा, साठ हजार दोन वर्षांतच ओलांडतात.

पण खरं सांगू? नुसत्या पैशासाठी नाही. काका मळणीयंत्रातला तो हात शेवटपर्यंत धोतराच्या सोग्यात लपवायचे. पंगतीला बसायचे नाहीत. मला तसं जगायचं नाही. पट्टी लावलेल्या बटणाचं मी साहेबांना लेखी दिलंय. त्या मशीनवर आता दुसरी पोरगी बसते, एकोणीस वर्षांची.

बोर्डाची तारीख नेमकी २२ ला आलीय, महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी. म्हणून यंदा मी येत नाही. आई, रागावू नकोस. मी उपाशी नाही. भाकरी थापता येते, जराशी जाड होते एवढंच. कपड्यांना मशीन आहे. वेणी मात्र अजून जमत नाही, शेजारच्या वैनी घालून देतात. त्या फार हलक्या हातानं घालतात. तुझ्यासारखी डोकं मागं ओढून, गुडघ्यात धरून कुणी घालत नाही.

आता ऐका. अण्णा, बीपीची गोळी सकाळीच घ्यायची, चहाच्या आधी. आईला पुरण वाटायला बसवू नका, मिक्सर कशाला घेतलाय? बाळूला सांगा, कडबाकुट्टीच्या तोंडात पेंढी हातानं कोंबायची नाही, आणि पट्ट्यावर जाळी बसवून घे म्हणावं. पैसे मी पाठवते. त्या पाहुण्यांचा परत निरोप आला तर हाताचं आधी सांगा, मग फोटो द्या.

आणि आई, कासारीण आली की माझ्याही बांगड्या घेऊन ठेव. दोन्ही हातांच्या. माप तेच आहे, सव्वादोन.

तुमची,
ताई