प्रोब नेमका कुठे लावायचा?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

परदेशातील घरगुती बिअरनिर्मितीवर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. लेख वाचनीय आहे, परंतु ‘आंबवण फ्रीजमध्ये २० अंश सेल्सिअसवर ठेवावे’ ही त्यातील सूचना अपुरी आहे. २० अंश कशाचे, फ्रीजमधल्या हवेचे की पिंपातल्या द्रवाचे, हे लेखात सांगितलेले नाही आणि सगळी मेख तिथेच आहे. (अमेरिकेत १९७८ च्या केंद्रीय कायद्यानुसार दोन प्रौढांच्या घराला स्वतःपुरती वर्षाला २०० गॅलन बिअर करमुक्त बनवता येते. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवणे हा गुन्हा आहे. त्यामुळे हे पत्र, जिथे परवानगी आहे तिथल्या वाचकांसाठी आहे, हे स्पष्ट केलेले बरे.)

यीस्ट साखर खाते तेव्हा उष्णता बाहेर पडते. वीस लिटरच्या पिंपात पहिले दोन-तीन दिवस जोर असतो आणि त्या काळात द्रव भोवतालच्या हवेपेक्षा तीन-चार अंशांनी सहज गरम राहतो. प्रोब (तापमान मोजणारा, तारेच्या टोकाचा सेन्सर) फ्रीजमध्ये नुसता लोंबकळत सोडला, तर त्याच्या मोजमापानुसार फ्रीज चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलरच्या पडद्यावर २० दिसत राहते आणि बिअर मात्र २४ अंशांवर आंबत असते. ‘एल’ या बिअरच्या प्रकारासाठी वापरल्या जाणाऱ्या बऱ्याच यीस्टना १८ ते २० अंश मानवतात. त्याहून फार वर गेले की घशाला जाळणारी जड अल्कोहोले तयार होतात आणि ती नंतर काढून टाकता येत नाहीत.

यावर उत्तम उपाय म्हणजे थर्मोवेल, अर्थात झाकणातून द्रवात उतरणारी, खालून बंद असलेली स्टीलची नळी. प्रोब तिच्यात ठेवला की तो बिअरला शिवत नाही, त्यामुळे तो निर्जंतुक करण्याची कटकट उरत नाही. नळीत थेंबभर पाणी घालावे, कारण मधली हवा उष्णता नीट पोहोचू देत नाही. एक अडचण मात्र राहते. द्रव सावकाश थंड होत असल्याने फ्रीज बराच वेळ चालू राहतो, आतली हवा बर्फासारखी गार होते आणि कॉम्प्रेसर बंद झाल्यावरही द्रवाचे तापमान हव्या त्या अंकाच्या खाली घसरते. म्हणून माझ्या मते घरगुती कामाला सोपी रीत पुरे: प्रोब पिंपाच्या बाहेरून, द्रवाच्या पातळीच्या बराच खाली चिकटवावा आणि त्यावर फोमचा जाड तुकडा घट्ट बांधावा. हा आकडा द्रवाच्या अगदी जवळचा असतो. फोम न लावता प्रोब चिकटवणे म्हणजे पुन्हा हवाच मोजणे.

प्रोबवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. सर्रास मिळणाऱ्या डीएस१८बी२० या सेन्सरची अचूकता अधिक-उणे अर्धा अंश असते, पण बाजारात त्याच्या नकलाही भरपूर आहेत. चुरलेल्या बर्फात थोडेसे पाणी घालून, ढवळून त्यात प्रोब धरला की शून्य दिसले पाहिजे. उकळत्या पाण्यात १०० दिसेलच असे नाही. आमच्या डेन्व्हरला सोळाशे मीटर उंचीवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळते. तापमानाच्या सूक्ष्म मोजमापासाठी नावाजलेले शास्त्रज्ञ जेम्स ज्यूल ब्रुअरीवाल्यांच्याच घरातले होते, हे या निमित्ताने आठवते.

शक्य झाल्यास ‘२० अंश, द्रवाचे’ एवढी दुरुस्ती पुढील पुरवणीत छापावी, ही विनंती.

– एक वाचक, डेन्व्हर (अमेरिका)