‘असेल तर’ची माफी

संपादक महोदय,

स. न.

‘हल्ली जो तो स्वतःपुरतं बघतो’ हे वाक्य रोज कुठे ना कुठे कानावर पडतं. बोलणारा स्वतःला सोडूनच बोलत असतो. मीही तसाच बोलायचो, गेल्या महिन्यापर्यंत.

ऑफिसच्या बैठकीत एका तक्त्यातले आकडे जुळेनात. सगळ्यांदेखत मी विभागातल्या सर्वांत नव्या मुलीला झापलं. दुपारी जुना मेल उघडला, तर चुकीचे आकडे मीच पाठवलेले. लगेच मोबाइलवर टाइप केलं, ‘सकाळच्या बोलण्याने वाईट वाटलं असेल तर सॉरी.’ पाठवणार तोच ते ‘असेल तर’ डोळ्यांत खुपलं. असेल तर? तिचा उतरलेला चेहरा मी समोर बसून पाहिला होता. पुढारी, नटनट्या, मोठमोठ्या कंपन्या, सगळ्यांचे माफीनामे याच साच्यातले: ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर’. चूक झाली की नाही ते गुलदस्त्यात, दुखणं मात्र ऐकणाऱ्याच्या गळ्यात. (वर्तमानपत्रंही यात मागे नाहीत. चूक पहिल्या पानावर, दुरुस्ती आतल्या कोपऱ्यात.)

भाषाही आपल्याला साथ देते. आपल्या हातून कप फुटतो. दुसरा मात्र तो फोडतो. आपलं काम राहून जातं, दुसरा टाळतो. कौतुकाची वेळ आली की ‘मी’ बरोबर हजर.

यात नुसती लबाडी असते असंही नाही. १९७९ साली मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी ३७ जोडप्यांना, नवरा-बायकोला वेगवेगळं बसवून, घरातल्या कामांत आपला वाटा किती ते एका रेघेवर खूण करून दाखवायला सांगितलं. बहुतेक जोडप्यांत दोघांच्या वाट्यांची बेरीज रेघेपेक्षा लांब भरली. आपण केलेलं चटकन आठवतं, दुसऱ्याने केलेलं तितकं आठवत नाही. तेव्हा नम्रता म्हणजे मान खाली घालणं नव्हे, हिशेब पुन्हा तपासणं, असं मला वाटू लागलं आहे.

अठराव्या शतकातल्या बेंजामिन फ्रँकलिन या अमेरिकन मुत्सद्द्याने अंगी बाणवायच्या १२ गुणांची यादी केली होती. तू गर्विष्ठ आहेस, असं एका मित्राने तोंडावर सांगितल्यावर त्याने तेरावा गुण जोडला, नम्रता. आणि केलं काय, तर ‘नक्कीच’, ‘निःसंशय’ असे शब्द बोलण्यातून काढून टाकले. त्याऐवजी ‘सध्या तरी मला असं दिसतं’ म्हणू लागला. खरी नम्रता फारशी साधली नाही, दिसण्यापुरती साधली, हेही त्यानेच लिहून ठेवलंय. मला हा माणूस आवडतो. चारित्र्यावरच्या तासाभराच्या भाषणापेक्षा एका शब्दाची बंदी जास्त काम करते. मुलं नम्र व्हावीत म्हणून आपण त्यांना केवढं सुनावतो. पण घरातल्या मोठ्या माणसाने ‘पण’ न जोडता ‘माझं चुकलं’ म्हटलेलं त्यांच्या कानावर किती वेळा पडतं?

असो. ‘असेल तर’ खोडून मी ‘आकडे माझे चुकले, उगाच तुला बोललो’ असं पाठवलं. तिचं उत्तर आलं, ‘ठीक आहे सर. पण बोललात ते सगळ्यांसमोर.’

खरं सांगतो, आधी रागच आला. पुढच्या बैठकीत उभा राहून तेच वाक्य सर्वांसमोर म्हणालो. अर्धं मिनिटही लागलं नाही. घशाला मात्र कोरड पडली होती. त्या मुलीने वर पाहिलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि कामाचा पुढचा विषय निघाला.

फ्रँकलिनची आणखी एक कबुली आहे: गर्व पूर्ण जिंकला असता, तर बहुधा मला माझ्या नम्रतेचाच गर्व झाला असता. त्या बैठकीचा किस्सा मी आतापर्यंत तीन जणांना रंगवून सांगितला आहे. हे पत्र छापलंत, तर मग मोजायलाच नको.

– एक वाचक