अर्थशास्त्राच्या एम.ए.त आकडेवारी हाताळू द्या

महोदय,

मी अर्थशास्त्राच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. किंमत बदलली की मागणी कशी बदलते हे सांगणाऱ्या स्लुट्स्की समीकरणाची सिद्धता झोपेतून उठवून विचारली तरी फळ्यावर मांडून दाखवेन; पण घरगुती खर्चाच्या सर्वेक्षणाची कच्ची फाईल समोर आली, की रिकाम्या रकान्यांचं काय करायचं इथपासून घोडं अडतं. अर्थमितीचा, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजण्याचा, पेपर आम्ही दहा निरीक्षणांच्या तक्त्यावर, कॅल्क्युलेटरने सोडवतो. परीक्षेत तेवढंच मावतं ना!

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याला गृहपाठ होता, एखादा प्रसिद्ध शोधनिबंध पडताळून पाहण्याचा. त्याने राइनहार्ट व रोगॉफ या अर्थतज्ज्ञांचा, सरकारी कर्ज फार वाढलं की आर्थिक वाढ खुंटते असं सांगणारा २०१० चा निबंध घेतला. आकडे काही केल्या जुळेनात. लेखकांकडून स्प्रेडशीट मागवली, तर सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळीच सुटलेल्या! वगळलेली वर्षं आणि भारांकनही (सरासरीत कोणाला किती वजन द्यायचं ते) दुरुस्त केल्यावर, जीडीपीच्या ९० टक्क्यांहून अधिक कर्ज असलेल्या देशांचा सरासरी वाढदर उणे ०.१ ऐवजी २.२ टक्के निघाला. हे २०१३ मध्ये जाहीर झालं. तोवर याच निबंधाचा दाखला देत सरकारी खर्चात काटकसरीची धोरणं रेटली जात होती.

गणित कमी करा, असं माझं म्हणणं नाही. त्याशिवाय पुढचं सगळं डोक्यावरून जातं. शेवटच्या सत्रातल्या एका लेखी पेपरऐवजी मात्र असा पडताळणीचा गृहपाठ ठेवावा. तपासायला वेळ लागतो, ही प्राध्यापकांची अडचण खरी आहे, पण दोघादोघांचे गट करता येतील. आणि त्यासाठी लागणारं ‘आर’ हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर तर फुकटच मिळतं.

– एम.ए.ची एक विद्यार्थिनी