पिठाच्या जाहिरातीवरचा चेहरा

महोदय,

खासगीपणाचा हक्क म्हटले की आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाचे नाव निघते; त्यात हा हक्क मूलभूत मानला गेला. अमेरिकेत या चर्चेला तोंड फुटले ते १८९० मध्ये, वॉरन आणि ब्रँडाइस या दोन वकिलांच्या ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’तील लेखाने. झटपट फोटो टिपणारे कॅमेरे आणि चहाटळ वृत्तपत्रे हे त्यांचे दुखणे. पण नुसत्या लेखाने कोर्ट हलते थोडेच!

न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरच्या एका तरुणीचा फोटो तिला न विचारता पिठाच्या २५ हजार जाहिरातींवर छापला गेला. दुकानांत, अगदी दारूच्या गुत्त्यांतही तो झळकला. ओळखीचे लोक चेष्टा करू लागले, तिने अंथरूण धरले. शेवटी ती कोर्टात गेली. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी तिलाच हात हलवत परत पाठवले. म्हणे असा हक्क कायद्यात नाही. लोक खवळले आणि १९०३ मध्ये विधिमंडळाने लेखी संमतीशिवाय कोणाचे नाव वा चेहरा धंद्यासाठी वापरण्यास बंदी घातली. अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्याच्या न्यायालयाने तर १९०५ मध्ये हा हक्क थेट मान्यच केला.

आपल्याकडे मात्र फोटो स्टुडिओवाले गिऱ्हाइकांचे फोटो बिनदिक्कत काचेत लावतात. परवानगी कोण विचारतो?

– एक वाचक, सातारा