काका, ०.६० चा ०.४३ झाला तो तुमच्यामुळे

काका, नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. गेले तीन महिने तुम्ही माझ्यासाठी जेवढा वेळ काढलात त्याची परतफेड काही होणार नाही, पण काय शिकवलंत ते तरी नीट लिहून ठेवतो, अजून कोणाला जुन्या स्पोर्ट्स कारचा ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध, काढायचा असेल तर कामी येईल.

गाडी म्हणजे जॅग्वार ई-टाइप, १९६१ ला आलेली ती ३.८ लिटरची कूपे. पहिला फोन केला तेव्हा माझं गणित तयार होतं. कंपनीने सांगितलेली २६५ हॉर्सपॉवर घेतली, त्या काळच्या टेस्टमधला ताशी १५० मैलांचा टॉप स्पीड घेतला, पॉवरला वेगाने भागून विरोध काढला, त्यातून टायरचा वाटा वजा केला आणि सीडी (हवेच्या विरोधाचा गुणांक, जितका कमी तितकी गाडी हवेतून सहज जाते) आला ०.६०. इतकी गुळगुळीत गाडी आणि ०.६०? मन मानेना, चार वेळा आकडेमोड तपासली, चूक सापडेना, माझं घोडं तिथेच अडलं. तुम्ही सगळं शांतपणे ऐकलंत आणि एवढंच विचारलंत, "ही २६५ मोजली कुठे?"

त्या एका प्रश्नाने सगळं उलगडलं. तेव्हा ग्रॉस पॉवर सांगायची पद्धत होती, म्हणजे इंजिन स्टँडवर, फॅन नाही, एअर क्लीनर नाही, गाडीचा सायलेन्सर नाही. आणि पुढे गिअरबॉक्स आणि डिफ (मागच्या चाकांना ताकद वाटणारा डिफरन्शियल) आपला हिस्सा खातात तो वेगळाच. तुम्ही उलटीकडून हिशोब करायला लावलात: सीडी ०.४४ धरला (विंड टनेलचा म्हणून हाच आकडा साधारण सांगितला जातो) तर १५० मैलांना चाकांवर फक्त २०० च्या आसपास हॉर्सपॉवर लागते. २६५ मधून चाकांपर्यंत २०० पोचणं अगदी पटण्यासारखं आहे.

पण तेवढ्यावर तुम्ही सोडलं नाहीत. म्हणालात, दुसऱ्याच्या आकड्यावर किती दिवस, आता आपल्या गाडीला विचारू. मग ते कोस्ट-डाउन. परवानगी काढून बंद धावपट्टी मिळवली, गाडी माझ्यासकट वजनकाट्यावर चढवली, १३०० किलो भरली, तर तुम्ही ती १३५० धरायला लावलीत कारण फिरती चाकंही थांबवावी लागतात. टायर आणि तेल गरम होईपर्यंत गाडी पळवायची, मग वेग गाठून न्यूट्रल, आणि ताशी १०५ किलोमीटरवरून ९५ ला यायला किती सेकंद, ४५ वरून ३५ ला किती, बस एवढंच मोजायचं. कल्पना किती साधी आहे बघा, टायरचा विरोध दोन्ही वेगांना जवळपास तेवढाच राहतो आणि हवेचा वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे दोन आकड्यांची वजाबाकी केली की टायर गळून पडतो आणि हवा तेवढी उरते.

पहिल्या दिवशी मी एकाच दिशेने धावलो होतो हे ऐकून तुम्ही जे समजावलंत ते कधीच विसरणार नाही. शंभर मीटरला अर्धा मीटर उतार डोळ्याला दिसतसुद्धा नाही, पण १३०० किलोच्या गाडीला तो ६४ न्यूटनचा धक्का देतो, आणि ताशी ४० ला या गाडीवर हवेचा सगळा विरोध जेमतेम ५० न्यूटन! म्हणजे मी हवा मोजतोय असं समजून उतार मोजत होतो. मग दोन्ही दिशांनी, वारा पडलेला असताना पहाटे, प्रत्येकी सहा फेऱ्या. सरासरी आली ७.३ सेकंद आणि १५.४ सेकंद.

फोटोचंही तसंच. समोरून क्षेत्रफळ काढायला मी जवळून फोटो काढला होता, नाक मोठं आणि काच लहान आली. तुम्ही लांब जाऊन झूम करायला सांगितलंत आणि मोजपट्टी बंपरला न लावता गाडी सगळ्यात रुंद आहे तिथे धरायला लावलीत. १.६६ चौरस मीटर आलं. भागाकार केला, ०.४३! त्या रात्री मला झोप लागली नाही.

तुम्ही लगेच हेही सांगितलंत की वरच्या वेगाच्या वेळेत अर्ध्या सेकंदाची चूक झाली तर तोच आकडा ०.३७ होतो, त्यामुळे दुसऱ्या दशांशाचा फार अभिमान बाळगू नकोस. बरोबर आहे. तरी मला आनंद आहे.

मला थोडं वाईटही वाटलं होतं हे तुमच्या लक्षात आलं असेल. १९५७ ची लोटस एलिट ०.२९ ची सांगतात आणि माझी लाडकी एवढी मागे. तेव्हा तुम्ही ई-टाइपचा आकार काढणाऱ्या माल्कम सेयरबद्दल बोललात, विमानाच्या कारखान्यातून आलेला माणूस, वक्ररेषा गणिताने काढायचा, आणि गाडीवर लोकरीचे तुकडे चिकटवून हवा बघायचे. दुसऱ्या दिवशी मी पण चिकटवले. मागच्या काचेवर सगळे तुकडे विंचरल्यासारखे सपाट बसले होते, खालच्या कडेपाशी मात्र थरथरत होते, आणि समोरच्या काचेच्या पायथ्याशी तर एकाची दिशा दुसऱ्याला नव्हती. शेजारच्या गाडीतून काढलेला तो व्हिडिओ मी अजून रोज बघतो.

काका, एवढ्या आपुलकीने आजवर कोणी शिकवलं नव्हतं. मनापासून आभार. पुढच्या रविवारी खिडक्या उघड्या ठेवून त्याच बारा फेऱ्या करणार आहे, सेकंद रात्रीच पाठवतो.

तुमचा,
ई-टाइपवाला